गिधाडांचा कैवार

गरुड आणि गिधाड हे दोघेही आकाशाचे रहिवासी. दोघांचेही पंख विशाल, दोघांचीही दृष्टी तीक्ष्ण आणि दोघेही मांसावर जगणारे. परंतु मनुष्याने या दोघांना दिलेल्या मानात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गरुडाला त्याने विष्णूचे वाहन केले, राजांच्या ध्वजावर बसविले, शूर पुरुषाच्या झडपेला गरुडझेप म्हटले. गिधाडाच्या वाट्याला मात्र शिव्याच आल्या. दुसऱ्याच्या विपत्तीवर टपून बसणारा तो गिधाड. अनाथाच्या इस्टेटीचे लचके तोडणारा तो गिधाड! घराच्या आढ्यावर चुकून एखादे गिधाड येऊन बसले, तर शांती करवून घेणारे लोक खेड्यापाड्यांतून थोडेथोडके नव्हते. वास्तविक गरुड जिवंत प्राण्याचा प्राण घेतो. गिधाड सहसा कोणाचा प्राण घेत नाही, जे आपल्या मरणाने मेले त्यावरच ते गुजराण करते. अहिंसेची चाड बाळगणाऱ्या समाजाने याचा निवाडा नेमका उलटा करावयास हवा होता!

रामायणकारांची दृष्टी याहून उदार होती. सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाला अडविण्यासाठी जो एकटा पुढे झाला, तो जटायू गृध्रराज होता, आणि त्याच्या देहाला प्रत्यक्ष श्रीरामाने अग्नी दिला. समुद्रकिनाऱ्यावर हताश होऊन बसलेल्या वानरांना सीतेचा ठाव सांगणारा संपाती हा जटायूचा वडील भाऊ. पंख जळून गेलेला तो वृद्ध पक्षी बसल्या जागेवरून लंका पाहू शकत होता, असे कथा सांगते. त्यातील अतिशयोक्ती वजा केली, तरी गिधाडाच्या नजरेविषयीचे त्या काळच्या लोकांचे निरीक्षण अचूक होते, हे मान्य करावे लागते. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात टाकेद नावाचे तीर्थस्थान आहे. जखमी झालेला जटायू येथेच पडला, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. तेथे जटायूपुढे हात जोडणारा भाविक परतीच्या वाटेवर मेलेल्या बैलाभोवती जमलेली गिधाडे दिसली, की नाकाला उपरण्याचे टोक लावून पावले झपाझप उचलीत असे. आता नाक झाकण्याचे कारण दुसरेच आहे. बैल पडलेला असतो, गिधाडे नसतात.

गिधाडाचे रूप ओंगळ आहे, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. मान उघडी, डोक्यावर पिसे नाहीतच म्हटले तरी चालेल, पाठ वाकलेली, चाल लंगडत उड्या मारल्यासारखी. परंतु हे ओंगळपण त्याच्या कामाचा गणवेश आहे. मेलेल्या जनावराच्या पोटात मान खुपसून खाणाऱ्या पक्ष्याच्या गळ्यावर दाट पिसे असती, तर ती रक्तामांसाने लडबडून गेली असती. त्याच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते, की सडलेल्या मांसातील भयंकर रोगजंतूही त्यात टिकाव धरीत नाहीत. सूर्य वर येऊन माळ तापू लागला, म्हणजे उष्ण हवेचे प्रवाह वर चढू लागतात. त्या प्रवाहांवर पंख पसरून गिधाड तासचे तास तरंगते. पंख हलविण्याचे श्रमही ते फारसे घेत नाही. एकाला खाली भक्ष्य दिसले आणि ते उतरू लागले, की दूरवर तरंगणारे दुसरे त्याच्याकडे पाहून वळते, दुसऱ्याकडे पाहून तिसरे. आणि घटकाभरापूर्वी रिकाम्या दिसणाऱ्या आभाळातून पन्नास-शंभर पक्षी एका ठिकाणी उतरतात. असा मोठा थवा एका बैलाचे प्रेत तासाभराच्या आत फस्त करीत असे. मागे केवळ स्वच्छ हाडे उरत.

या कामाचे मोल किती? भारतात गायीगुरांची संख्या कोटींनी मोजावी लागते, आणि त्यांतील फार मोठा भाग कत्तलखान्यात जात नाही. ही जनावरे वार्धक्याने वा आजाराने मरतात. शतकानुशतके गावकऱ्यांनी मेलेले ढोर ओढ्याकाठी किंवा गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकावे, त्याचे कातडे काढले जावे आणि उरलेले काम गिधाडांनी करावे, अशी व्यवस्था चालत आली. या व्यवस्थेला खर्च नव्हता, कचेरी नव्हती आणि सुट्टीचा दिवसही नव्हता. जो घाण करतो तो प्रतिष्ठित आणि जो ती निपटून काढतो तो अस्पृश्य, ही विपरीत रीत समाजाने माणसांच्या बाबतीत चालविली होती, मग पक्ष्यांची काय कथा? गिधाडे असेपर्यंत त्यांच्याविषयी कोणी बरा शब्द काढला नाही. आणि ती नाहीशी होऊ लागली, तेव्हा कित्येक वर्षे तिकडे कोणाचे लक्षही गेले नाही.

ज्यांचे लक्ष गेले, त्यांत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या जुन्या संस्थेचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश हे अग्रेसर होते. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव पक्षी-अभयारण्यात त्यांनी १९८० नंतरच्या दशकात गिधाडांची शेकडो घरटी पाहिली होती. १९९० नंतर ते पुन्हा पाहू लागले, तेव्हा घरटी ओस पडली होती, झाडांखाली मेलेले पक्षी आढळत होते, आणि जिवंत होते ते मान खाली लोंबकळत टाकून सुस्त बसून राहत. १९९९ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढे देशभर रस्तोरस्ती मोटारीतून फिरून गणना करण्यात आली. तिचे निष्कर्ष विश्वास बसू नये असे होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या शेकडा ९९.९ इतकी घटली होती. हा आकडा नुसता वाचून त्याचा अर्थ मनात उतरत नाही. जेथे पूर्वी हजार पक्षी होते, तेथे एक उरला होता! लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या गिधाडांचीही शेकडा ९७ च्या आसपास हानी झाली होती. एखाद्या पक्षिजातीचा इतक्या थोड्या काळात एवढा मोठा ऱ्हास झाल्याची उदाहरणे जगाच्या इतिहासात फार विरळा आहेत.

कारण कोणते, याविषयी आरंभी तर्कांना ऊत आला. कोणी अन्नाचा तुटवडा पुढे केला. परंतु प्रेते तर न खाल्ली गेल्यामुळे सडत पडली होती. कोणी कीटकनाशकांकडे बोट दाखविले. एखाद्या नव्या विषाणूची साथ आली असावी, हा तर्क बराच काळ टिकून होता. मेलेल्या पक्ष्यांची चिकित्सा केली असता त्यांच्या काळजावर, यकृतावर आणि मूत्रपिंडांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर आढळे. मूत्रपिंडे निकामी झाली, की पक्ष्यांच्या रक्तातील युरिक आम्ल बाहेर पडू शकत नाही आणि अवयवांवर असे साचते. मूत्रपिंडे कशामुळे निकामी होत होती, हे कोडे मात्र सुटत नव्हते. ते अखेर पाकिस्तानात सुटले. लिंडसे ओक्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विषाणू व कीटकनाशके यांचा माग सोडून एक साधा प्रश्न विचारला : गिधाडे जे खातात, त्यात अलीकडे नवे काय मिसळले आहे? गिधाडे खातात गुरे. म्हणून त्यांनी पशुवैद्यांकडे आणि औषधांच्या दुकानांत चौकशी केली, की गुरांना कोणती औषधे टोचली जातात. त्या यादीत डायक्लोफेनॅक हे नाव आले. जनावराची वेदना, सूज व ज्वर कमी करणारे हे औषध. माणसेही गुडघेदुखीवर तेच घेतात. जी गिधाडे या रोगाने मेली होती, त्या प्रत्येकाच्या मूत्रपिंडांत हे औषध सापडले. जी अन्य कारणांनी मेली होती, त्यांच्यात ते नव्हते. हा शोध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

यापुढे जे समजले, ते अधिक अस्वस्थ करणारे होते. शंभरांतील एकाहूनही कमी प्रेतांत हे औषध असले, तरी गिधाडांचा असा सर्वनाश होण्यास तेवढे पुरेसे आहे, असे गणिताने सिद्ध झाले. कारण एका प्रेतावर पंगत बसते ती साऱ्या थव्याची. प्रत्यक्ष भारतात तपासणी केली, तेव्हा शंभरांतील सुमारे दहा प्रेतांत ते आढळले.

या संहाराला कोणी शत्रू नव्हता, ही यातील खरी विचार करण्यासारखी गोष्ट आहे. वाघाला शिकारी मारतो, हत्तीला हस्तिदंताचा लोभी मारतो. तेथे गुन्हेगार ओळखू येतो आणि त्याला शासन करता येते. येथे गुन्हेगार कोण? बैल आजारी पडून खाली बसला; शेतकऱ्याला त्याचे कण्हणे पाहवेना; त्याने पदरचे पैसे मोडून सुई टोचविली. बैल वाचला नाही. या सर्व साखळीत एकही दुष्ट मनुष्य नाही. शेतकऱ्याच्या मनात होती ती भूतदयाच. आणि त्या दयेतूनच, दोन-चार दिवसांनी, कोसभर दूरच्या झाडावर पन्नास पक्षी माना टाकून मेले. त्या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे त्या शेतकऱ्याला कसे कळावे? ते मोठमोठ्या विद्वानांनाही दहा-बारा वर्षे कळले नव्हते.

म्हणूनच गिधाडांचे रक्षण हा केवळ अरण्याचा प्रश्न आहे, ही समजूत चुकीची आहे. वन्य प्राण्यांचे रक्षण म्हटले, की लोकांच्या डोळ्यांपुढे कुंपण, पहारेकरी आणि बंदूक ही सामग्री उभी राहते. वाघासाठी ती योग्यच आहे. परंतु जो पक्षी दिवसात कित्येक मैल तरंगत जातो आणि गावाच्या माळावर जेवावयास उतरतो, त्याला कोणते कुंपण घालावे? त्याचे मरण गोठ्यात तयार होते आणि औषधाच्या दुकानातून विकले जाते. तेव्हा त्याचे जीवनही तेथेच राखले पाहिजे. १९७२ चा वन्य जीव संरक्षण कायदा गिधाडाला मारणाऱ्यास शिक्षा सांगतो. परंतु ज्या हाताने गिधाडाला कधी स्पर्शही केला नाही, त्या हातातील सुईविषयी तो काय बोलणार?

या विषयात भारत सरकारने दिरंगाई केली, असे म्हणता येणार नाही. शोध लागल्यापासून दोन वर्षांतच, म्हणजे २००६ मध्ये, गुरांसाठी डायक्लोफेनॅक तयार करण्यास बंदी झाली. नेपाळ आणि पाकिस्तान यांनीही त्याच वर्षी तसे केले. पण माणसांसाठी हे औषध विकण्यास मुभा होती, आणि ते मोठ्या कुप्यांतून विकले जाई. माणसाला एका वेळी तीन मिलिलिटर पुरते. कुपी मात्र तीस मिलिलिटरची! एवढी मोठी कुपी कोणासाठी होती, हे सांगावयास पंडित नको. माणसाच्या नावाने निघालेली ती कुपी गोठ्यात जाऊन पोहोचत असे. ही पळवाट बुजविण्यास २०१५ साल उजाडले. त्या वर्षी तीन मिलिलिटरपेक्षा मोठ्या कुप्यांना मनाई झाली. दरम्यान बाजारात दुसरी वेदनाशामक औषधे आली होती, आणि त्यांतील काही तितकीच घातक निघाली. अ‍ॅसिक्लोफेनॅक हे औषध तर गायीच्या शरीरात गेले, की डायक्लोफेनॅकचेच रूप घेते. त्यावर आणि कीटोप्रोफेनवर २०२३ मध्ये बंदी आली. निमेसुलाइडवर २०२४ च्या डिसेंबरात आली. प्रत्येक वेळी आधी औषध गोठ्यात, मग पक्षी मेलेले, मग संशोधन आणि शेवटी बंदी, असा हा क्रम चालत आला. वास्तविक गुरांसाठी कोणतेही नवे वेदनाशामक बाजारात येण्यापूर्वीच ते गिधाडांना निर्धोक आहे की नाही, हे तपासणे सक्तीचे असावयास हवे. माणसाच्या औषधाची परीक्षा आधी होते. पक्ष्यांची परीक्षा मात्र त्यांच्या प्रेतांवरून व्हावी, हा न्याय नव्हे.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, की मग आजारी जनावराने तळमळतच मरावे काय? एका पक्ष्यासाठी मुक्या गुराला वेदना सोसावयास लावणे ही कोणती दया? आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तरही तितकेच रोकडे आहे. मेलॉक्सिकॅम नावाचे औषध जनावराची वेदना शमविते आणि गिधाडांना अपाय करीत नाही, हे २००६ मध्येच प्रयोगांनी सिद्ध झाले. टोल्फेनॅमिक आम्ल हे दुसरे औषधही पुढे तसेच निर्धोक ठरले. बैल आणि गिधाड यांतील एकाची निवड करण्याचा प्रसंग शेतकऱ्यावर मुळी आलेलाच नाही. एका कुपीऐवजी दुसरी कुपी मागण्याचाच काय तो प्रश्न आहे. परंतु दुसरी मागावयाची, हे त्याला कोणी तरी सांगितले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी मंडळींचा असतो. गिधाडे गेली तर गेली. प्रेते पुरण्याची किंवा जाळण्याची सोय करता येत नाही काय, असे ते विचारतात. येते, परंतु ती करणार कोण आणि किती गावांत? गिधाडे गेल्यावर माळावरच्या मेजवानीला कुत्री आली. कुत्री मांस खातात, पण गिधाडांप्रमाणे ते निपटून काढीत नाहीत. त्यांची प्रजा वाढते, आणि त्यांच्याबरोबर पिसाळण्याचा रोगही. एरिक फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडे विपुल होती त्यांची तुलना इतर जिल्ह्यांशी केली. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लक्ष माणसे अधिक मेली असावीत, असा त्यांचा अंदाज आहे. सडलेली प्रेते, त्यांनी दूषित झालेले पाणी आणि मोकाट कुत्री ही त्याची कारणे. ज्या पक्ष्याला अशुभ मानून माणसाने हाकलले, त्याच्या जाण्याने असे अशुभ ओढवले! मुंबईतील पारशी समाजालाही हा घाव वेगळ्या रीतीने सोसावा लागला. मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची त्यांची धर्मरीत शेकडो वर्षांची. मलबार टेकडीवरील दख्म्यांत ती पाळणे गिधाडांवाचून अशक्य झाले, आणि सूर्यकिरण एकवटणाऱ्या आरशांचा आश्रय त्यांना घ्यावा लागला. पक्षी गेला, की त्याच्याबरोबर माणसाची एक श्रद्धाही निराधार होते, याचा विचार हिशेब मांडणाऱ्या मंडळींनी केलेला नसतो.

कुत्र्यांचा हा उपद्रव पुन्हा गिधाडांच्याच मुळावर येतो. मोकाट कुत्र्यांना मारण्यासाठी प्रेतात विष कालविण्याची रीत ठिकठिकाणी आहे. मार्च २०२२ मध्ये आसामातील कामरूप जिल्ह्यात असे विषारी मांस खाऊन शंभराच्या आसपास गिधाडे एकाच वेळी मेली. आणि संकट केवळ गिधाडांपुरतेही नाही. राजस्थानात बिकानेरजवळ मेलेली गुरे टाकण्याच्या जागेवर हिवाळ्यात दूरदेशींचे गरुड येतात. त्यांतील दोन मेलेल्या गरुडांच्या शरीरांत हेच डायक्लोफेनॅक सापडले. म्हणजे माणसाने मानपानात कितीही भेद केला, तरी विषाने गरुड आणि गिधाड यांना एकाच पंक्तीस बसविले!

विष देणाऱ्याने हात आवरला, तर असे पक्षी पुन्हा वाढू शकतात, याचा दाखला गरुडांच्याच इतिहासात आहे. अमेरिकेचे राष्ट्रचिन्ह असलेला पांढऱ्या डोक्याचा गरुड एके काळी असाच नामशेष होण्याच्या बेतात आला होता. पिकांवर आणि डासांवर फवारलेले डी.डी.टी. पाण्यात जाई, पाण्यातून माशांत आणि माशांतून गरुडांत. त्यामुळे मादीच्या अंड्यांचे कवच इतके पातळ होई, की उबवावयास बसलेल्या आईच्याच भाराने ती फुटून जात. १९६३ मध्ये अलास्का वगळता त्या विस्तीर्ण देशात या गरुडाच्या केवळ ४१७ जोड्या उरल्या होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी रेचेल कार्सन या विदुषीने आपल्या ग्रंथातून कीटकनाशकांच्या दुष्परिणामांकडे लोकांचे लक्ष वेधले होते. १९७२ मध्ये डी.डी.टी.च्या वापरावर तेथे बंदी आली, आणि २००७ पर्यंत जोड्यांची संख्या जवळजवळ दहा हजारांवर गेली. परंतु येथे एक फरक विसरता कामा नये. तो गरुड नाण्यांवर होता, राजमुद्रेवर होता. त्याच्यासाठी हळहळणारे लोक कोट्यवधी होते. गिधाडासाठी कोण हळहळणार? सुंदर आणि रुबाबदार प्राण्यांचा कैवार घेण्यास फारसे मोठे मन लागत नाही.

गिधाडांची वाढ मुळातच मंद असते. मादी वर्षातून एकच अंडे घालते; पिल्लू उडू लागेपर्यंत काही महिने जातात, आणि ते स्वतः घरटे करण्याजोगे होण्यास पाचएक वर्षे लागतात. त्यामुळे एका रात्रीत मेलेल्या थव्याची भरपाई होण्यास एक पिढी खर्ची पडते. हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने आणि त्या राज्याच्या वन खात्याने गिधाडांसाठी प्रथम शुश्रूषागृह आणि पुढे प्रजनन केंद्र काढले. त्याला जटायूचे नाव दिले आहे, हे फार औचित्यपूर्ण झाले. महाराष्ट्रातही काही ठिकाणी गावकऱ्यांनी आणि निसर्गप्रेमी मंडळींनी चिकाटीने काम केले आहे. रायगड जिल्ह्यात म्हसळे तालुक्यातील चिरगावच्या रानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी लोकांनी सांभाळली. गडचिरोलीत आणि नाशिक जिल्ह्यातील हरसूलच्या बाजूला, मेलेले जनावर विषारी औषधापासून मुक्त आहे याची खात्री करून ते एका ठरलेल्या जागी गिधाडांसाठी ठेवण्याची व्यवस्था झाली. तिला लोक थट्टेने गिधाडांची खानावळ म्हणतात. थट्टा असो, पण ज्या गावात ‘याला कोणते औषध टोचले होते?’ असा प्रश्न मेलेल्या बैलाविषयी विचारला जातो, त्या गावाने मोठमोठ्या परिषदांना साधले नाही ते साधले आहे.

अंजनेरीच्या आणि सह्याद्रीतील इतर काही कड्यांच्या कपारींत लांब चोचीची गिधाडे अजून घरटी करतात. २०२४ च्या जानेवारीत पिंजोरहून वीस गिधाडे विदर्भात आणली गेली आणि ताडोबा-अंधारी व पेंच येथील रानांत, मोठ्या पिंजऱ्यांत, काही महिने ठेवून पुढे मोकळी करण्यात आली. अशा पक्ष्यांच्या भोवती शंभर किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखून त्यातील सर्व गावे घातक औषधांपासून मुक्त करावी, अशी शास्त्रज्ञांची योजना असते. ती योग्यच आहे. परंतु ताडोब्यात सोडलेल्या गिधाडांपैकी एकाने, त्याच्या पाठीवर बसविलेल्या यंत्रावरून समजले ते असे, काही महिन्यांतच थेट तमिळनाडूपर्यंत मजल मारली. त्याला वर्तुळाची माहिती कोणी दिलेली नव्हती. वाटेत जेथे जेथे ते भुकेने खाली उतरले असेल, तेथील माळावर पडलेले जनावर कोणाच्या गोठ्यातून आले होते आणि मरण्यापूर्वी त्याला कोणती सुई टोचली होती, याची नोंद कोणत्याही वन खात्याच्या दप्तरात सापडावयाची नाही.